विद्येसाठी मागणे : भिक्षा, कर्ज की ऋण?

बारावीचा निकाल लागला की पेडणे आणि डिचोली महालांतील कित्येक घरांतून एकच चिंता डोके वर काढते. मुलाला किंवा मुलीला पुढे शिकवावयाचे आहे, पण त्यासाठी लागणारा पैसा कोठून उभा करावयाचा? हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे, आणि हिशेबाने तो बराचसा सुटण्यासारखाही आहे. परंतु आमचा अनुभव असा की, हिशेबाची वही उघडण्यापूर्वीच दुसरा एक प्रश्न वाटेत आडवा येतो आणि तो पैशाचा नसून मनाचा असतो. परक्याच्या पैशावर शिकावे काय? अर्ज करणे म्हणजे हात पसरणे नव्हे काय? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

या बाबतीत दोन प्रकारची घरे आम्हांस दिसतात. पहिल्या घराला पूर्वापार चालत आलेली प्रतिष्ठा असते. मोठे घर, पाठीमागे कुळागर, देवस्थानात महाजनकीचा मान. परंतु कुळागराच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदारांची नावे, वाटणीचा दावा वर्षानुवर्षे पडून राहिलेला, आणि हाती येणारे उत्पन्न जेमतेम चूल पेटती राहण्यापुरते. अशा घरचा कर्ता पुरुष शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करावयास तयार होत नाही. आमच्या घराण्यात आजवर कोणी मागितलेले नाही, असे तो सांगतो. आणि परिचारिका किंवा अभियंता होऊ शकली असती अशी त्याची मुलगी जवळच्या दुकानात हिशेब लिहावयास बसते. दुसऱ्या घरची गोष्ट उलट. किनाऱ्यालगत चार खोल्या भाड्याने दिलेल्या, दारात गाडी. पण उत्पन्नाच्या दाखल्यात यापैकी कशाचाच मागमूस नाही. सरकारचा पैसा, तो घेतला तर कोणाचे काय जाते, असे त्या घरचे म्हणणे.

पहिला गृहस्थ घेण्यास लाजतो आणि दुसरा मुळीच लाजत नाही. म्हणून हे दोघे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत असे वाटते. वस्तुतः दोघांच्या मनातील समजूत एकच आहे. मदत म्हणजे कोणीतरी फुकट दिलेली वस्तू, असेच दोघेही धरून चालतात. एकाला ती फुकट म्हणून नकोशी वाटते, दुसऱ्याला फुकट म्हणूनच हवीशी वाटते. आमच्या मते ही मूळ समजूतच चुकीची आहे, आणि ती दूर झाली तर दोन्ही घरांचा मार्ग मोकळा होईल.

आपल्या परंपरेत विद्यार्थ्याने मागणे हे कधीच हीन मानलेले नव्हते. मुंजीत आजही भिक्षावळ होते. ज्याच्या घरी दोन गाड्या उभ्या आहेत त्याचाही बटू झोळी घेऊन मातेपुढे आणि मग आप्तेष्टांपुढे उभा राहतो, आणि त्यात कोणास अपमान वाटत नाही. त्या विधीतील आशय असा की, विद्या घेणाऱ्याने आपण स्वयंपूर्ण आहोत हा अभिमान प्रथम खाली ठेवावा. पुढे माधुकरी मागणे, वार लावून जेवणे, या चालींनी महाराष्ट्रात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या गरीब मुलांचे शिक्षण झाले. या चालींना एक शिस्त होती. विद्यार्थ्याने एका घरावर भार टाकू नये, दिवसापुरते अन्न घ्यावे, साठवू नये. मागण्याचा हक्क होता, पण गरजेपलीकडे मागण्याचा नव्हता.

आमच्याच गोव्यातील एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी संस्कृत शिकण्याच्या तळमळीने १८९९ साली घराबाहेर पडले. जवळ पैसा नाही, औपचारिक शिक्षण फारसे नाही, अशा स्थितीत ते पुण्यास आणि तेथून पुढे काशीस पोहोचले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून अध्ययन केले. आपल्या ‘निवेदन’ या आत्मकथेत त्यांनी हे दिवस संकोच न करता सांगितले आहेत. पुढे ते बौद्ध वाङ्मयाचे आणि पाली भाषेचे मान्यवर पंडित झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे, एवढ्याच अटीवर. कोसंबींनी कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून ही वृत्ती पत्करली, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापन करून त्यांनी ते ज्ञान महाराष्ट्रातील तरुणांपर्यंत पोहोचविले. अन्नछत्राचा एक घास असा शेकडो विद्यार्थ्यांच्या पदरात पडला.

तथापि परंपरेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या अन्नछत्रांचे आणि वारांचे दार सर्वांना उघडे नव्हते. ज्या पंगतीत बसून एकाचे शिक्षण झाले, त्या पंगतीच्या जवळपास फिरकण्याची दुसऱ्याला मनाई होती. त्याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिला अट होती ती परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याची. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेलेही. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि ती नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर.

एकाच आयुष्यात येथे मदतीचे सर्व प्रकार एकत्र आले आहेत. अटीची शिष्यवृत्ती, विनाअट साहाय्य, मित्राचे कर्ज आणि स्वतःची कमाई. यांपैकी कोणता प्रकार घेतल्याने डॉ. आंबेडकरांचे मोठेपण उणावले, असे आज कोण म्हणेल? उलट त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा मिळालेल्या मदतीची फेड कोणत्या नाण्यात करावयाची असते हे सर्वांना दिसले. ज्याने दिले त्याला परत करून ती संपली नाही; ज्यांना अद्याप मिळाले नव्हते त्यांच्यापर्यंत ती पुढे गेली.

आपल्या शास्त्रांनी याच कल्पनेला ऋषिऋण असे नाव दिले आहे. मनुष्य देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, आणि ऋषींचे ऋण विद्याध्ययनाने फिटते, असे मानले गेले. यातील मर्म असे की, हे ऋण मागितल्यामुळे निर्माण होत नाही. ते जन्मतःच असते. ज्याने कधीही शिष्यवृत्ती घेतली नाही, त्यानेही पूर्वजांनी साठविलेले ज्ञानच घेतलेले असते. मुक्तीपूर्वी गोव्यात महाविद्यालय म्हणावे असे सर्वसाधारण शिक्षणाचे स्थान नव्हते. पेडण्याचा किंवा डिचोलीचा मुलगा पदवीसाठी बेळगाव, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठत असे. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत आणि मडगावात पहिली महाविद्यालये निघाली. पेडण्यात जन्मलेल्या दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा पोहोचल्या. १९८५ साली गोवा विद्यापीठ झाले. आज साखळीस शासकीय महाविद्यालय आहे, विर्नोड्यास संत सोहिरोबानाथ अंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थी जी फी भरतो ती खऱ्या खर्चाचा लहानसा भाग असते. उरलेला भार सर्व समाज उचलतो. म्हणजे जो गृहस्थ मी कोणाचे काही घेतले नाही असे म्हणतो, त्याचा मुलगाही दररोज मदत घेतच असतो. केवळ त्या मदतीसाठी अर्ज भरावा लागत नाही, एवढाच फरक.

आता व्यवहाराकडे वळू. मदतीचे प्रकार नीट ओळखणे हे अर्जदाराचे पहिले कर्तव्य होय. गुणवत्तेवर मिळणारी ती शिष्यवृत्ती. गरजेवर मिळणारी ती बर्सरी किंवा फीमाफी. आणि परत करावयाचे ते कर्ज. बारावीत वरच्या क्रमाने उत्तीर्ण झालेल्या, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. तिच्यात पदवीच्या वर्षांत वार्षिक १२,००० आणि पदव्युत्तर वर्गांत २०,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षेनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना १९४४ सालापासून चालत आलेली आहे. अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांसाठीही तशा योजना आहेत. गोव्यात उच्च शिक्षण संचालनालयाकडून गरजू विद्यार्थ्यांस बर्सरी मिळते, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते. उत्पन्नाची मर्यादा आणि अर्जाची मुदत बदलत असते, म्हणून त्या त्या वर्षीचे परिपत्रक पाहिल्यावाचून कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

बँकेचे कर्ज घेणाराने तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली अशी की, हप्ते सामान्यतः शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होत असले तरी व्याज पैसे उचलल्या दिवसापासून मोजले जाते. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असा पुष्कळांचा भ्रम असतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना या काळातील व्याजात सरकार सवलत देते. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत ठेवलेली आहे. तीही संख्येने मर्यादित आहे. दुसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्याबरोबर पित्याची किंवा मातेची सही घेतली जाते, ती साक्षीदाराची नसून सहकर्जदाराची असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जामिनाची. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. प्रथम ऋणकोला गाठा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. नुसती सही तर करावयाची आहे, असे सांगून मामाला किंवा शेजाऱ्याला जामीन करणे ही फसवणूकच होय, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

कर्ज काढून शिकविण्यास पुष्कळ पालक भितात, आणि ती भीती सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. नोकरीची शाश्वती नसलेल्या आणि भरमसाट फी आकारणाऱ्या अभ्यासक्रमासाठी घर गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे. पण हेच पालक लग्नासाठी कर्ज काढताना क्षणभरही थांबत नाहीत. चार दिवसांत संपणाऱ्या समारंभासाठी कर्ज काढणे ही अब्रू, आणि चाळीस वर्षे पुरणाऱ्या विद्येसाठी काढणे ही नामुष्की, हा हिशेब कोणत्या धर्मात बसतो? मुलीचा प्रश्न आला की हा हिशेब आणखीच वाकडा होतो. ती परक्या घरी जाणार, मग तिच्यासाठी कर्ज कशाला, असे म्हटले जाते. गोव्यात लागू असलेल्या वारसाकायद्याप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. १८६७ च्या नागरी संहितेने तर अज्ञान अपत्याच्या पोषणाच्या व्याख्येत त्याच्या शिक्षणाचाही अंतर्भाव केलेला आहे. जिचा हक्क कायदा मुलाच्या बरोबरीने मानतो, तिची विद्या मात्र बापाने निम्म्या मोलाची धरावी, हे न्यायाला धरून नाही.

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे खोट्या दाखल्याकडे येऊ. खोटा दाखला वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते; ज्याची फारशी कोणाला आठवण नसते ती गोष्ट अशी की, या पापात ज्याची हानी होते तो कधीच समोर येत नाही. निधी मोजका असतो. एका धनवंताच्या मुलाचे नाव यादीत चढले की कोणा एका मजुराच्या मुलाचे नाव खाली घसरते. आपले नाव कोणी खाली ढकलले हे त्या मुलाला कधी कळत नाही. तो फक्त शिक्षण सोडतो. सरकारचा पैसा घेतला तर कोणाचे काय जाते, या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

सत्य सांगणे नेहमीच सोपे असते असे मात्र नाही, आणि कायदा जाणणाराने हे मान्य केले पाहिजे. गोव्यात पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५-अ कलमाने पगाराखेरीज इतर उत्पन्न दोघांत निम्मे वाटून धरण्याची तरतूद केली. करासाठी ही वाटणी न्याय्यच होय. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात जेथे कुटुंबाचे उत्पन्न विचारलेले असते, तेथे एकट्या पित्याचा अर्धा आकडा लिहिणे हे कागदोपत्री खरे असूनही असत्य आहे. याउलट डिचोली महालात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या घरी मागील वर्षाच्या कागदांवर ट्रकचे चांगले उत्पन्न दिसत होते त्यांच्या घरी त्या वर्षी हप्ते भरावयासही पैसा नव्हता. तेथे कागद खरा असूनही परिस्थिती खोटी दाखवीत होता. असा प्रसंग येईल तेव्हा आकडा बदलू नये. बदललेल्या परिस्थितीचे निवेदन करून, पुरावा जोडून, तो अर्ज अधिकाऱ्यापुढे ठेवावा. आणि अधिकाऱ्यानेही नियमाच्या अक्षराआड न लपता तो वाचावा.

घेणाऱ्याच्या धर्माविषयी इतके बोलल्यावर देणाऱ्याच्या धर्माविषयी न बोलणे पक्षपाताचे होईल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घेणाराने स्वीकारल्यावाचून दान पुरे होत नाही. आपल्या धर्मशास्त्रातही प्रतिग्रहाला असेच महत्त्व आहे. म्हणजे घेणारा हा दानाचा दुसरा कर्ता आहे, दानाचा विषय नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, काळी आणि पात्री दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. आमच्या कित्येक संस्थांतून विद्यानिधीचे वाटप जत्रेच्या किंवा वार्षिक उत्सवाच्या मंचावर होते. नाव पुकारले जाते, पाकीट हाती दिले जाते, छायाचित्र निघते. गुणवंताचा असा सत्कार करावा, त्यात वावगे काही नाही. पण गरजेपोटी मदत घेणाऱ्या मुलाला चारचौघांत उभे करणे म्हणजे त्याच्या गरिबीची जाहिरात करून आपल्या दातृत्वाची पावती घेणे होय. महाप्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्यास लाज वाटत नाही, कारण तेथे वाढणारा आपल्या पदरचे वाढतो असे कोणी मानत नाही. ते अन्न देवाचे असते. विद्येची मदतही याच भावनेने द्यावी.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीखाली चालतो. महाजनांची सभा, निवडलेली समिती, अंदाजपत्रक आणि मामलेदाराची देखरेख अशी तिची घडण आहे. विद्यानिधी उभारावयाचा तर तो या चौकटीत, सभेत ठराव करून, अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवून उभारावा. त्याचा लाभ महाजनांच्या कुळांपुरता ठेवावा की गावातील सर्वांस द्यावा, हा वाद उपस्थित होईल. आमचे मत विचाराल तर श्रीभगवतीच्या पायरीशी पुनवेला जो उभा राहतो, लईराईच्या जत्रेला जो धोंड म्हणून व्रत पाळतो, तो कोणत्या कुळाचा हे देवी विचारीत नाही. मग तिच्या नावाने उभारलेल्या निधीने ते का विचारावे? जेथे पैसा देणे नियमात बसत नसेल किंवा परवडत नसेल, तेथेही एक काम करता येते. अर्ज कसा भरावा, कोणता दाखला कोठे मिळतो, मुदत केव्हा संपते, हे सांगणारा एक जाणकार माणूस रविवारी सकाळी दोन तास देवळाच्या अग्रशाळेत बसवावा. पुष्कळ मुलांची मदत पात्रतेअभावी हुकत नाही, ती एका कागदाअभावी हुकते.

शेवटी फेडीचा प्रश्न. कर्ज असेल तर ते ठरल्याप्रमाणे फेडलेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. महामंडळाचे बिनव्याजी कर्ज बुडविणारा तर पुढील वर्षाच्या विद्यार्थ्याच्या ताटातले उचलतो. पण शिष्यवृत्तीचे काय? तिची फेड मागण्यास कोणी येत नाही. साध्या येण्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. ऋषिऋणाला मुदतीचा कायदा लागू नाही, आणि त्याच्या वसुलीचा दावाही कोणत्या न्यायालयात चालत नाही. ते फेडावयाचे ते स्वतःच्या मनाच्या साक्षीने. पहिला पगार हाती आल्यावर एका मुलाची पुस्तके घेऊन द्यावी. ते जमत नसेल तर एका घरी जाऊन अर्ज भरून द्यावा. तेही जमत नसेल तर ज्या घरी मागण्याची लाज वाटते तेथे, आपणही अशाच मदतीवर शिकलो, हे मोकळेपणी सांगावे. आमच्या समाजात शिष्यवृत्तीवर शिकलेली माणसे थोडी नाहीत. ती पुढे याविषयी मौन बाळगतात, आणि त्या मौनामुळेच पुढच्या घरातील बापाला वाटत राहते की आपल्यासारख्यांत कोणी मागितलेले नाही.

सारांश, विद्येसाठी मागणे ही भिक्षा नव्हे आणि केवळ कर्जही नव्हे. जे आपण जन्मतःच देणे लागतो, तेच अधिक डोळसपणे पत्करण्याची ती एक रीत आहे. म्हणून पहिल्या घरच्या गृहस्थाने निःसंकोच अर्ज करावा, दुसऱ्या घरच्या गृहस्थाने खरा आकडा लिहावा, आणि ज्यांना काही मिळालेले आहे त्यांनी ते कोठून मिळाले हे विसरू नये. अर्जाची मुदत फार थोडी असते. विचार करण्यात ती दवडली जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.